चनमल्लप्पांचा हवेतला नवस

चनमल्लप्पांचं सोलापुरात सात रस्त्याला टॉवेल-चादरींचं दुकान. दोनदा विमानात बसून आल्यापासून गिऱ्हाईकानं चादर मागितली की ते मोबाईलवर ढगांचे फोटो दाखवायचे.

यंदा सोलापूरहून मुंबईला निघाले तेव्हा खिडकी त्यांनीच घेतली. बायको दाक्षायणी वाटेच्या पलीकडं. चनमल्लप्पांच्या शेजारी सत्तरीच्या लालबी, लेकीकडं निघालेल्या, पहिल्यांदाच विमानात.

"पट्टा घट्ट करा, चाची. हादरे बसले तर घाबरायचं न्हाय. रस्त्यावानी हवेतबी खड्डे असत्यात."

लालबींनी मान हलवली आणि बडीशेप तोंडात टाकली.

घाटाजवळ विमान ढगात शिरलं, थरथरलं आणि दाणकन खाली आलं. कॉफी चनमल्लप्पांच्या शर्टावर सांडली. त्यांनी दोन्ही हातांनी लालबींचं मनगट आवळलं. दोन बांगड्या फुटल्या.

"स्वामी, खाली उतरवा. अक्कलकोटला अनवाणी चालत येतो."

दुसरा हादरा बसला.

"बायकोलाबी आणतो."

तिसऱ्या हादऱ्याला त्यांचा आवाज पुढच्या रांगेपर्यंत गेला. "रविवारी दुकान बंद ठेवतो, स्वामी."

"शांत बसा, बाबा," लालबी त्यांच्या हातावर थोपटत म्हणाल्या. "गेला खड्डा."

मुंबईत लालबींची लेक आरजू बाहेर उभी होती. चनमल्लप्पा आपणहून पुढं झाले. "तुमच्या आई लई घाबरल्या होत्या. मी हात धरून धीर दिला."

आरजूनं आभार मानले. लालबींनी ओरखडलेलं मनगट पदराखाली घेतलं. "व्हय, हात धरला खरा," एवढंच म्हणाल्या.

परतताना दोघं रेल्वेनं आले. घरी पोचल्यावर दाक्षायणीनं विचारलं, "अक्कलकोटला कधी निघायचं?"

"हवेत बोललेला नवस धरत नसत्यात."

"मग मी एकटी जाते. कोण किती मोठ्यानं वरडलं, ते स्वामींना सांगते. वाटेत पावणे भेटले तर त्यांनाबी."

रविवारी दुकान बंद राहिलं. उजाडायच्या आत दोघं अनवाणी निघाले. वाटेत वळसंगला चनमल्लप्पांच्या टाचेला फोड आला.

"हितनं जीप मिळते," ते म्हणाले.

"मिळते की. बसा तुमी." दाक्षायणी चालत राहिली.

चनमल्लप्पा बसले.

संध्याकाळी ती पोचली तेव्हा ते प्रसाद जेवून मंडपात घोरत होते. तिनं त्यांना उठवलं नाही. पाय धुतले आणि दर्शनाला गेली. स्वामींना सगळं सांगून तिला बाहेर यायला बराच वेळ लागला.