ओळीची शेवटची जागा

स्पालजेसच्या स्वयंपाकघराची चौकट इतकी ठेंगणी होती, की आजवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याने तिच्यावर डोकं आपटून घेतलं होतं. वरच्या लाकडाला तिने जुन्या रजईचा तुकडा ठोकला होता, दारात उभी राहून "वाकून या, वाकून!" असं ती ओरडायचीही, तरी ठक्क व्हायचंच. मग ती बोटभर लोणी घेऊन टेंगळावर चोळायची आणि पाहुण्याशी खरी ओळख तिथून सुरू व्हायची.

लेह शहराच्या वरच्या अंगाला, नाल्याकाठी तिची वस्ती. वस्तीतल्या घरांनी पाहुणे पाळीपाळीने ठेवायचे असं ठरलेलं होतं. कुणाकडे गरम पाणी आहे नि कुणाकडे गोठ्याचा वास, हे बघायचं नाही; पाळी ती पाळी. पाळ्या लावायचं काम शेजारच्या कुन्झेसकडे होतं, कारण वस्तीत कोण कुठे गेलं आणि कशासाठी गेलं हे तिला तसंही ठाऊक असायचंच. तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की भल्याभल्यांनी वाट बदलावी.

पाहुण्यांची नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत स्पालजेस पडत नसे. ती गावावरूनच हाक मारायची. "दिल्ली, अजून एक भाकरी घे." "जपान, तुझे मोजे वाळले बघ." पाहुण्यांना त्याची गंमत वाटे. परत गेल्यावर कुणी कुणी फोटोही पाठवत, आणि ते सगळे ती चहाच्या डब्यामागे खोचून ठेवी.

झोपायला ती त्यांना दादुलची खोली द्यायची. दादुल म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, टॅक्सी चालवणारा. नवरा गेल्यानंतर तिने त्याला एकटीने वाढवला होता आणि एका संध्याकाळी एका वाक्यात घालवून टाकला होता.

ते वाक्य बसण्याच्या जागेवरून आलं होतं. आमच्याकडे स्वयंपाकघरात भिंतीला लागून गालिचे अंथरलेले असतात आणि माणसं ओळीने बसतात. चुलीजवळची जागा ओळीचं डोकं, दाराजवळची शेपूट. कुणी कुठे बसायचं हे जन्मल्यापासून ठाऊक असतं, आणि तरी प्रत्येकाने "नको नको, मी इथेच बरा" म्हणत खाली सरकायचं, घरधन्याने त्याला दंडाला धरून वर ढकलायचं, हा सोहळा चहा गार होईपर्यंत चालतो. बाहेरच्या पाहुण्यांना यातलं काही कळत नाही. थंडी वाजत असते, ते सरळ चुलीपाशी जाऊन लामांच्या जागेवर बसकण मारतात. स्पालजेसला त्याचं हसू यायचं.

मोनांना मात्र कुणी वर ढकलत नाही. मोन म्हणजे ढोल-सनई वाजवणारे. त्यांच्यावाचून आमचं लग्न लागत नाही की सण साजरा होत नाही, पण त्यांची जागा ओळीच्या शेवटी, जिथे गालिचा संपतो त्याच्याही पलीकडे, उघड्या जमिनीवर. जुन्या काळी त्यांनी प्यालाही आपला आपण आणायचा. हे चांगलं नाही हे आता सगळे सभेत सांगतात. घरी मात्र गालिचा होता तिथेच संपतो.

दादुलने नुब्राकडच्या एका मोनाच्या मुलीशी लग्न ठरवलं होतं. मुलगी जम्मूला शाळेत शिकवत होती. "आमा-ले," त्याने विचारलं होतं, "मी तिला घरी आणली तर ती कुठे बसेल?"

"दाराबाहेर," स्पालजेस म्हणाली होती.

तिने मुलीचं नावही विचारलं नाही. दादुलने भाकरी ताटात तशीच ठेवली, वाकून चौकटीतून बाहेर पडला आणि पुन्हा आला नाही. लग्न झालं, हे कुणाकडून तरी कळलं. त्या दिवसापासून ते वाक्य तिच्या घशात अडकलं होतं. गिळता येईना आणि परतही घेता येईना, कारण परत घेतलं असतं तर कुन्झेसने ते वस्तीभर केलं असतं, असं तिला वाटायचं. लोकांच्या तोंडाला घाबरून माणूस काय काय हातचं घालवतो!

यंदाचा हंगाम संपत आला होता. पॉपलरची पानं पिवळी पडून नाल्यात वाहत होती, छपरावर जर्दाळूच्या बिया वाळत होत्या. दुपारी कुन्झेस कुंपणावरून ओरडली, "स्पालजेस! शेवटची पाहुणी तुझ्याकडे. जम्मूची मास्तरीण आहे. एकटीच आहे. नीट खायला घाल, वाळकी दिसते!"

"तुझ्यासारखी सगळ्यांनी कशाला फुगायला पाहिजे?" स्पालजेसने परत सुनावलं आणि पीठ मळायला घेतलं.

पाहुणी दिवस कलताना आली. पाठीला पिशवी, अंगात निळं जाकीट, केसांची घट्ट वेणी. नमस्काराचं जुले म्हणाली तेही अगदी हळू. जिन्यात अंधार होता, आणि कढई उतू जात होती म्हणून स्पालजेसला "वाकून या" म्हणायचं भानच राहिलं नाही. आठवलं तेव्हा ती वळली आणि कान टवकारून ठक्कची वाट बघू लागली.

ठक्क झालंच नाही. मुलगी वाकून आत आली होती आणि उंबऱ्याआतल्या खळग्यालाही न अडखळता उभी होती.

"अगंबाई! तूच पहिली. डोळे मांजराचे आहेत की काय?" स्पालजेस म्हणाली. "बस, बस. वर सरक, चुलीपाशी."

चुलीपाशी आधीच मेमे तुंडुप बसले होते, तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. गुडघ्यांनी आणि कानांनी केव्हाच राजीनामा दिला होता, पण ओळीचं डोकं त्यांनी सोडलं नव्हतं. जपमाळ ओढत त्यांनी मुलीकडे बघून मान हलवली.

मुलगी वर सरकली नाही. एक गालिचा सोडून बसली असती तर स्पालजेस समजली असती. चांगल्या घरची मुलगी, रीत पाळते. दोन सोडले असते तरी हरकत नव्हती. पण ती चालत गेली ती ओळीच्या टोकाला, शेवटचा गालिचाही ओलांडून, दारातून वारा येतो तिथे उघड्या जमिनीवर मांडी घालून बसली.

"तिथे काय बसतेस जम्मू? गारठशील. वर ये."

"इथेच बरी आहे, आमा-ले."

बोलण्यात नुब्राची लकब होती. स्पालजेसने लोण्याच्या चहाची किटली उचलली, प्याला घेऊन तिच्याजवळ गेली, आणि मुलीचा हात पटकन स्वतःच्या पिशवीत गेला. आत काहीतरी चाचपडलं आणि हात तिथेच थांबला. मुलीचा चेहरा लालबुंद झाला. तिने हात बाहेर काढला तो रिकामाच.

प्याला शोधत होता तो हात. आपला आपण आणलेला.

स्पालजेसने एकेक जुळवलं. नुब्रा. जम्मू. मास्तरीण. न सांगता चौकटीखाली वाकणारी. ही चौकट तिला कुणीतरी घरबसल्या शिकवली होती, खळग्यासकट. किटली हातात तशीच धरून ती उभी राहिली.

"कुणाची गं तू?" तिने विचारलं.

मुलीने खोटं सांगितलं नाही. "उर्ग्यानची. ढोल वाजवतात ते." आणि मग खाली मान घालून, "तुमच्या दादुलची बायको."

मेमे तुंडुपची जपमाळ थांबली. कान गेले होते म्हणे.

"ओळखू देणार नव्हते मी," मुलगी भराभरा बोलू लागली. "एक रात्र राहायचं, तुम्ही बऱ्या आहात ना ते बघायचं आणि जायचं, एवढंच ठरवलं होतं. जम्मूत मी हेडमास्तरांसमोर खुर्चीत बसते, आमा-ले, मुलांना उभं राहून धडे शिकवते. पण इथे आत आले आणि पाय आपोआप इथवर आले. हातही तसाच गेला. लहानपणी बाबांबरोबर लग्नांना जायची ना मी. मलाच माझा राग आला."

"त्याने पाठवलं तुला?"

"तो तर मला येऊ नको म्हणूनच सांगत होता. तो पुलावर गाडीत बसलाय."

"आत्ता?"

"नेहमीच बसतो. लेहला प्रवासी सोडले की पुलापर्यंत येतो. तुमच्या धुराड्यातून धूर निघताना दिसला की परत फिरतो. मागच्या हिवाळ्यात धूर दिसला नाही तेव्हा वेड्यासारखा झाला होता. तुम्ही बर्फावरून घसरला होता तेव्हा."

स्पालजेसला तो हिवाळा आठवला. कंबर धरली होती आणि चूल गार पडली होती, म्हणून कुन्झेसने तिला पाठीवर घेऊन स्वतःच्या घरी नेलं होतं. पोराला कळलंसुद्धा नसेल, असं म्हणत तिथे ती भिंतीकडे तोंड करून रडली होती. आणि पोरगा पुलावर उभा होता.

"वर ये," ती म्हणाली.

मुलीने मान हलवली. "नको. तुम्ही म्हणता म्हणून मी येईन आणि उद्या तुम्हालाच टोचेल. मी इथे ठीक आहे. आत तर आहे ना."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि ओळखीचा आवाज आला, "स्पालजेस, तुझं ते खोरं..." कुन्झेस. दुसरं कोण असणार? वस्तीत काही शिजत असेल तर हिला वास येतो.

स्पालजेसच्या हातात अजून किटली होती. मुलीला तिथून उठवायला वेळ होता, आत खोलीत पाठवायला वेळ होता, "जम्मूची पाहुणी, तिला आपली रीत ठाऊक नाही" म्हणायला तर खूपच वेळ होता. हे सगळं तिच्या मनात आलं. स्वतःची लाजही वाटली.

तिने किटली चुलीवर ठेवली. गालिच्यांवरून चालत ती खाली आली, मुलीला ओलांडून दाराकडच्या बाजूला गेली आणि तिच्याही खाली, उघड्या जमिनीवर, दुखऱ्या कमरेवर हात ठेवून बसली.

"आमा-ले!" मुलगी दचकून उठायला गेली. "हे काय करताय? माझ्या खाली कशा बसता?"

"तू वर जात नाहीस ना? मग मी खाली येते. चुपचाप बैस."

कुन्झेस चौकटीत वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. तिने मुलीकडे पाहिलं, मुलीच्या खाली बसलेल्या घरधनिणीकडे पाहिलं. आता हिचं तोंड उघडेल, स्पालजेसला वाटलं, आणि उद्या सकाळपर्यंत पाणवठ्यावर पोचेल. उघडू दे.

कुन्झेसने तोंड उघडलं नाही. घरधनिणीच्या वर बसणं काही तिला शक्य नव्हतं. तिने घागरा सावरला आणि स्पालजेसच्याही खाली, थेट उंबऱ्यावर टेकली.

"बाई गं, वारा काय लागतोय इथे," ती म्हणाली. मग जरा वेळाने, स्पालजेसकडे न बघता, "पाळी माझी होती. तुझी नव्हतीच, हिला ओळखूनच तुझ्याकडे पाठवली. हिवाळ्यात पोराचा फोन आला होता मला, रडत होता. तेव्हापासून डोक्यात होतं."

"आणि मला बोलली नाहीस? तू? तुझ्या पोटात तीळ भिजत नाही!"

"तू विचारलंस कधी? तू तर माझ्या समोर त्याचं नाव काढायला भ्यायचीस. काय समजतेस मला, रेडिओ?"

स्पालजेसला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं. मुलगी मधल्यामध्ये अवघडून बसली होती, तिने हळूच स्पालजेसची कंबर दाबायला घेतली, आणि स्पालजेसने दाबू दिली.

वरून खाकरल्याचा आवाज आला. मेमे तुंडुप भिंतीला धरून उठत होते. "सगळा गाव खाली आणि मी एकटा वर. देव आहे का मी?" ते कुरकुरले. एकेक गालिचा ओलांडत आले आणि कुन्झेसला म्हणाले, "सरक गं." ओळीचं डोकं कधीही न सोडणारा तो म्हातारा उंबऱ्याच्या कोपऱ्यात, शेपटाच्याही शेपटाला बसला. गालिचे सगळे मोकळे पडले होते. दाराशी जमिनीवर चार माणसं एकमेकांना चिकटून बसली होती, आणि त्या ओळीच्या डोक्याशी, जागची न हलता, उर्ग्यान मोनाची मुलगी होती.

"त्या पोराला बोलवा आता," मेमे म्हणाले. "गाडीत झोपणार आहे काय तो?"

मुलीने फोन लावला. "ये," एवढंच म्हणाली.

स्पालजेस उठली. चुलीतलं लाकूड पुढे ढकललं, कपाटातला चांगला प्याला काढला, पितळी बुडाचा, दादुलचा, आणि त्यात चहा ओतून मुलीच्या हातात दिला. "नाव काय गं तुझं? मागे विचारायचं राहिलं."

"चोरोल."

"चोरोल," स्पालजेस म्हणाली, आणि पुन्हा एकदा म्हणाली. "पी. गार होईल."

जिन्यावर धावती पावलं आली. दोन दोन पायऱ्या एकदम, अगदी लहानपणी यायची तशी. मेमे आणि कुन्झेस बाजूला सरकले. दादुल दारात आला. त्याने पाहिलं ते मोकळे गालिचे, जमिनीवर बसलेली म्हातारी माणसं, सगळ्यांच्या वर बसलेली त्याची बायको आणि तिच्या हातातला त्याचा प्याला. बघता बघता तो आत शिरला.

ठक्क.

चौकटीवरची रजई धुळीसकट हलली. दादुल कपाळ धरून जागीच बसला, आणि त्याच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते कशाचं, हे कुणी विचारलं नाही.

"पाहुणा झालास काय रे?" स्पालजेस ओरडली. ओरडतच तिने लोण्याच्या भांड्यात बोट घातलं, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या टेंगळावर लोणी चोळू लागली. खूप वेळ चोळत राहिली. टेंगूळ तेवढं मोठं नव्हतं.