आई येऊन बसेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. शिवणकामाची. एकतीस वर्षं झाली, माझ्यावर कोणी बसलेलं नाही. तुम्ही म्हणाल, बरं आहे की, आराम आहे! कसला आराम? माणूस काम करून दमतो, खुर्ची रिकामी राहून दमते. मी एका मोठ्या संग्रहालयात दुसऱ्या मजल्यावर उभी आहे. भोवती दोरी आहे, डोक्यावर दिवा आहे. सोमवारी एक माणूस हातमोजे घालून येतो आणि मऊ फडक्याने माझी धूळ पुसतो. इतक्या हळू पुसतो की मला संकोचच वाटतो. अहो, मी काय काचेची आहे?

माझा जन्म एका सुताराच्या ओसरीत झाला. शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहत. नवरा लवकर गेला, पदरात दोन मुलं, आणि घर चालायचं ते पायमशीनवर. सुताराने त्यांना आधी मशीनपुढे एका खोक्यावर बसवलं आणि मग माप घेतलं. बाई टीप घालताना पुढे झुकतात हे त्याने पाहिलं, म्हणून माझे पुढचे पाय बोटभर आखूड ठेवले. कोपर अडू नये म्हणून मला हात दिले नाहीत. पाठ मात्र बरोबर त्यांच्या कमरेशी टेकेल एवढीच केली. दुसरं कुणी बसलं की त्याला वाटे, आपण घसरतोय. बाई बसल्या की आम्ही दोघी नीट बसायचो.

बावीस वर्षं मी त्यांचं वजन पेललं. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, लग्नाचे कपडे, सगळं माझ्यासमोर शिवलं गेलं. बाईंची एक सवय होती. दुसऱ्या शिंप्याने शिवलेला कपडा दुरुस्तीला आला, तर त्याला विचारल्याशिवाय त्याची एकही टीप उसवायच्या नाहीत. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी थांबवून ठेवायच्या. संध्याकाळी मशीन झाकलं की दोन मिनिटं पाठ टेकून डोळे मिटायच्या. ती दोन मिनिटं माझी सगळ्यात आवडती होती.

मोठी मुलगी, जिला सगळे ताई म्हणत, ती हाताखाली काज-बटणं करी. धाकट्याचं मात्र शिवणात लक्ष नव्हतं. त्याला सगळेच धाकटा म्हणायचे, पुढे नाव झालं तरी घरात तो धाकटाच राहिला. तो चित्रं शिकायला गेला आणि चित्रं काढणं सोडून परत आला. म्हणायचा, चित्र पाहून लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन झोपतात, मला त्यांची झोप उडवायची आहे. एकदा त्याने मोठ्या दालनात चाळीस चित्रं भिंतीकडे तोंड करून टांगली. एकदा पाहुण्यांना भाषण ऐकायला बोलावलं, त्यांनाच व्यासपीठावर बसवलं, पडदा उघडला आणि समोर तासभर गप्प बसून राहिला. लोक चिडले. वर्तमानपत्राने विचारलं, ‘कलावंत की काडीबहाद्दर?’ ते कात्रण बाईंनी घडी करून मशीनच्या खणात ठेवलं. मुलाचं नाव छापून आलं, त्यांना तेवढं पुरे होतं.

मग बाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवस शिवण बंद. तेव्हा धाकटा आला आणि म्हणाला, आई, खुर्ची आठ दिवस नेऊ का, प्रदर्शनाला हवी आहे. बाईंनी डोळ्यावर पट्टी असतानाच मान हलवून हो म्हटलं. मित्रांनो, ते आठ दिवस अजून संपायचे आहेत.

त्याने मला एका रिकाम्या दालनात ठेवलं आणि भिंतीवर कागद लावला. ‘ही खुर्ची माझ्या आईची आहे. ती येऊन बसेपर्यंत इथे कोणी बसू नये. ती बसली की हे काम संपलं.’ खाली सही. बस्स, एवढंच. गहजब झाला. काही जण म्हणाले, हा चक्क आपली टिंगल करतोय. काही जण माझ्यासमोर उभे राहून रडले. एक निवृत्त मास्तर रागाने दोरी ओलांडून आले, तर दोघा रखवालदारांनी त्यांना अलगद बाहेर नेलं. धाकट्याचं नाव गाजलं. आठ दिवसांचा महिना झाला, एका शहरातून दुसऱ्या शहरात गेले, आणि शेवटी या संग्रहालयाने मला कायमचं ठेवून घेतलं. कौतुक खूप झालं. पण मी सारखी दाराकडे बघायची.

त्या फिरतीतच एकदा ताई आली आणि सगळ्यांदेखत धाकट्यावर बरसली. त्याने आईसाठी नवी, चाकांची खुर्ची पाठवली होती. दिसायला झकास. पण बाईंनी पायमशीन दाबलं की खुर्ची मागे जायची! पुन्हा पुढे सरकायचं, पुन्हा दाबायचं. ताईने चिंध्यांनी चाकं बांधली, तरी ती थांबेना. आता दुसऱ्या कशावर बसलं की कंबर धरते, म्हणून आई उभी राहूनच हातशिलाई करते, पाय सुजतात तिचे, आमची खुर्ची दे, असं ताई म्हणाली. धाकटा म्हणाला, देतो, एवढं एक प्रदर्शन होऊ दे.

आणि एक दिवस बाई स्वतः आल्या. दोन जिने चढून, धापा टाकत, ताईचा हात धरून. दालनात गर्दी होती, धाकटा पाहुण्यांना काहीतरी समजावत होता. बाईंनी दोरी उचलली. रखवालदार पुढे आला, पण कागद त्यालाही पाठ होता. तो थांबला. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. काय सांगू मित्रांनो! तो हात मी हजारांत ओळखला असता. मला वाटलं, सुटले मी एकदाची.

धाकटा पांढराफटक पडला. जवळ येऊन हळूच म्हणाला, “आई, बस ना. पण बसलीस की हे संपलं बघ.”

बाईंनी भिंतीवरचा कागद वाचला. सावकाश, शब्दावर बोट धरल्यासारखा. मग हात काढून घेतला.

“तुझं काम आहे रे ते,” त्या म्हणाल्या. “मी कशाला उसवू?”

तो एवढंच म्हणाला असता की, बस आई, उसवू दे, तरी त्या बसल्या असत्या. ताईने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. बाई भिंतीला टेकून थोडा वेळ उभ्या राहिल्या, धाप ओसरल्यावर पुन्हा दोन जिने उतरून गेल्या. मला खूप राग आला. त्याचाही, आणि खरं सांगू, बाईंचाही.

दोन वर्षांनी बाई गेल्या. संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनी आपापसात म्हटलं, आता हे काम कायमचं झालं. त्यांना ते चांगलं वाटलं. काळी किनार असलेली नवी पाटी लागली.

आता धाकटा म्हातारा झाला आहे. हातात काठी आहे. मागच्या वर्षी त्याने अधिकारी बाईंना विनंती केली, काम रद्द करा, खुर्ची माझ्या बहिणीच्या घरी जाऊ द्या, तिला अजून बसून शिवायचं असतं. त्या बाई भल्या होत्या, पण त्यांनी तोच कागद दाखवला. आई बसल्याशिवाय काम संपत नाही, खाली त्याचीच सही. बिचाऱ्याने सही बराच वेळ पाहिली.

तेव्हापासून तो दर गुरुवारी येतो आणि दोरीपलीकडे उभा राहतो. रखवालदाराला दया येते, तो आपलं स्टूल पुढे करतो, बसा हो आजोबा, म्हणतो. धाकटा बसत नाही. पाय थरथरतात, तरी संग्रहालय बंद होईपर्यंत उभा असतो. आता मला त्याचा राग येत नाही. नुसतं थकायला होतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, नाव काढाल, लोकांची झोप उडवाल. जरूर उडवा. पण तुमच्या घरी कुणी उभ्याने काम करत असेल, आणि खुर्चीवर तुमचं दप्तर पडलेलं असेल, तर आज घरी गेल्याबरोबर ते दप्तर उचला. ‘बसतेस का?’ असं विचारू नका. ती नको म्हणेल. नुसतं म्हणा, ‘आई, बस.’