दर्शनी भिंतीचा गिलावा

“भिंत तर झकास आहे तुमची,” पाहणीला आलेले साहेब म्हणाले आणि त्यांनी फोटोसाठी फोन वर धरला.

गवंडी खूश झाला. झकास असणारच, कालचा अख्खा दिवस त्याने तिच्यावर घातला होता. सरकारी हमीचं घरकर्ज, हप्ता हलका, पण घर मोडकळीला आलेलं असेल तरच मिळायचं. ते बघायला साहेब येणार म्हटल्यावर याची झोप उडाली होती. गावभर लोकांच्या भिंती घोटणाऱ्याच्या घराचे पोपडे दिसले, तर तोंड कुठे लपवायचं? म्हणून उरलंसुरलं सिमेंट गोळा करून त्याने दर्शनी भिंतीला गिलावा केला. बायको म्हणालीही होती, “अहो, घर मोडकं आहे म्हणूनच कर्ज मागतोय ना आपण?”

“पाहुणा यायचा तर आपण तोंड धुतो की नाही?” त्याने तिलाच गप्प केलं होतं.

“साहेब, आता मागे चला. खरं तर तेच बघायचंय.”

मागच्या खोलीत त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या डोक्यावर आढं मधोमध वाकलेलं, मातीच्या भिंतीला पोट सुटलेलं. पावसाआधी ही खोली उतरवून नवी बांधायची, एवढ्यासाठीच सारा खटाटोप होता. साहेब वाकून आत आले, वर बघून चुकचुकले, “आजोबा, जपा हं,” असंही म्हणाले. माणूस चांगला होता, आणि चांगल्या माणसावर रागावताही येत नाही.

“याचा फोटो?”

“याचा नाही लागत. दारासमोरचा एकच जातो.”

पुढच्या आठवड्यात गवंडी बँकेत गेला. कर्जाचं काम बघणाऱ्या बाईंनी त्याचं प्रकरण उघडलं. “घर पक्कं, सुस्थितीत. नाही बसत हो दादा.”

“बाई, एकदा येऊन बघा. आढं कधी खाली येईल सांगता येत नाही. म्हातारा झोपतो खाली.”

“मी बघून काय होणार? माझ्याकडे फोटो येतो.”

“मग साहेबांना परत पाठवा.”

“पाठवते. पण फोटो पुन्हा समोरूनच निघणार.” बाईंनी आवाज खाली आणला. “भिंत खराब दिसली तर पुढे सरकेल. मी काही सांगितलं नाही हं.”

घरी येऊन तो चपलाही न काढता हातोडा-छिन्नी घेऊन भिंतीसमोर उभा राहिला. पहिला घाव त्याच्याच्याने घालवेना. घातला, तर गिलावा हलेना. एखाद्या कामचुकाराने केला असता तर एव्हाना ढलपे निघाले असते. याने मात्र सकाळ-संध्याकाळ पाणी मारून तो पोसला होता. स्वतःचाच संताप येऊन त्याने मग जोर लावला.

“थांबा! थांबा हो!” आतून बायको किंचाळली.

आढं या भिंतीपासून मागपर्यंत सलग गेलेलं. समोरचा प्रत्येक हादरा मागे पोचला होता. एक वासा निसटून लोंबत होता, म्हाताऱ्याच्या पांघरुणावर मातीचा ढीग पडला होता आणि तो खोकून खोकून लाल झाला होता. ज्याच्यासाठी घर मागायला निघालो, त्यालाच गाडायला निघालो होतो, असं गवंड्याला वाटलं.

दोघांनी खाट उचलून बाहेर आणली, समोरच्या भिंतीला लावली. बायको पदराने म्हाताऱ्याचं तोंड पुसू लागली.

“काय ठोकत होतास रे?”

“काही नाही, बाबा.”

म्हाताऱ्याने भिंतीवरून हात फिरवला. गवंडीकाम त्यानेच तर शिकवलं होतं. “सुरेख घोटलीयस. मला नसतं जमलं.”

गवंड्याला रडू आवरेना. बायकोने ते न बघितल्याचं सोंग केलं.

“आता आत कधी नेणार मला?” म्हाताऱ्याने विचारलं.

गवंडी खाली बसला आणि खाटेच्या डुगडुगत्या पायाखाली एक चपटा दगड सरकवू लागला. नीट बसेना, तसा तो काढून पुन्हा लावत राहिला.