फ्लॉवरची पेटी

पडद्यावर दोन खांब उभे होते. पिवळा उंच आणि लाल बुटका. पिवळा म्हणजे लिथुआनियातून मेलबर्नला आलेल्यांची मुलं-नातवंडं, लाल म्हणजे माल्टातून आलेल्यांची. वर ‘पदवीधर’ असं लिहिलेलं होतं. जूझा झेराफा पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि तो लाल खांब बघून तिच्या अंगाची लाही लाही होत होती. खांबाचं काय, तो उभा कराल तितकाच उभा राहतो. पण हा उभा केला होता तिच्या सख्ख्या नातीने, आणि तोही लिथुआनियन लोकांच्या हॉलमध्ये, त्या लोकांच्या देखत.

नात म्हणजे रासा. जूझाच्या मुलाची मुलगी आणि जूझाची विहीण आल्दोना हिच्या मुलीची मुलगी. म्हणजे निम्मी लाल, निम्मी पिवळी. ती युनिव्हर्सिटीत समाजशास्त्र शिकत होती आणि दोन्ही आज्यांच्या समाजांची तुलना हाच तिच्या प्रबंधाचा विषय होता. विषय कळला तेव्हा जूझाला कोण आनंद झाला होता. आज सकाळी उठून तिने चीज भरलेल्या पास्तीत्सींची परात भाजली होती. हॉलमध्ये आल्यावर ती परात कुणीतरी टेबलाच्या अगदी टोकाला, त्यांच्या त्या झाडासारख्या उंच केकच्या मागे सरकवून दिली. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

“आता मालकीची घरं,” रासा म्हणाली. या चित्रात लाल खांब उंच होता, पिवळा त्याच्या खांद्याशी. जूझा सावरून बसली. पण नातीने बटण दाबलं आणि ते चित्र निघूनसुद्धा गेलं.

“म्हणजे दोन्ही समाज साधारण एकाच काळात आले, एकाच उपनगरात राहिले, एकसारख्याच कारखान्यांत राबले,” रासा सांगू लागली. “तरी तिसऱ्या पिढीत एवढा फरक का? माझ्या मते कारण घरातलं आहे. लिथुआनियन आईबाप मुलांच्या शिक्षणासाठी भांडले. माल्टीज आईबापांना शिक्षणाची तितकी ओढ नव्हती. कायद्याने परवानगी दिली त्या दिवशी त्यांनी मुलं शाळेतून काढली आणि कामाला लावली. याचं उदाहरण आमच्या घरातच आहे.”

आणि तिने तो किस्सा सुरू केला.

हा किस्सा जूझाने मुलाच्या लग्नात ऐकला होता, बारशाला ऐकला होता, दर नाताळाला ऐकला होता. सांगायची आल्दोना. तिचे वडील पोविलास कौनास शहरात वकील होते. लढाईनंतर निर्वासित म्हणून इथे आले, तेव्हा सरकारने त्यांच्या हातात झाडू दिला आणि रेल्वेचे डबे झाडायला लावलं. पदवी राहिली ट्रंकेत. पण सुंभ जळाला तरी पीळ जळाला नव्हता. आल्दोना चौदा वर्षांची झाली आणि हेडमास्तरांनी निरोप धाडला, ‘मुलीला पुढे शिकवण्यात अर्थ नाही, शर्टांच्या कारखान्यात जागा आहे.’ त्यावर पोविलासने ट्रंकेतला एकुलता एक सूट काढला आणि डांबरगोळ्यांच्या वासासकट तो शाळेत जाऊन थडकला.

“तर पणजोबा खोलीत शिरतात,” रासा रंगात येऊन म्हणाली, “आणि बघतात काय, टेबलावर फ्लॉवरची भलीमोठी पेटी. आणि तिच्या मागे हेडमास्तर, भाजीवाल्यासारखा.”

हॉल हसला. नेहमी इथेच हसतात.

“पणजोबांनी टेबलावर हात आपटला. म्हणाले, ‘साहेब, कुणीतरी भाजी देऊन आपलं काम करून घेतलेलं दिसतंय. माझ्याकडे द्यायला भाजी नाही. माझ्याकडे मुलगी आहे, आणि ती शिकणार.’”

टाळ्या पडल्या. आल्दोनाने रुमालाने डोळे टिपले. नेहमी इथेच टिपते. पुढे ती शिकली, शिक्षिका झाली, तिची मुलगी डॉक्टर झाली. सगळं खरं होतं. त्यात खोटा शब्द एकही नव्हता आणि म्हणूनच जूझाला इतकी वर्षं तोंड उघडता आलं नव्हतं.

चहाची सुट्टी झाली. आल्दोना कप घेऊन शेजारी येऊन बसली. दोघी एकाच वर्गातल्या, मग मध्ये बरीच वर्षं गाठ नाही, आणि मग एकदम विहिणी.

“काय बोलली गं पोर! अगदी माझ्या बाबांवर गेलीय.”

“हो ना. बोलायला तुमच्यावर आणि खायला आमच्यावर,” जूझा म्हणाली. रासा टेबलापाशी दोन्ही हातांत पास्तीत्सी घेऊन उभी होती.

“चिडलीस का? अगं, आकडे आहेत ते. आकड्यांचं काय मनाला लावून घ्यायचं?”

“ज्यांचा खांब उंच, त्यांनी म्हणावं हे.”

“आणि घरांचा कुणाचा उंच होता? मी अजून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, विहीणबाई. तुझी तीन घरं आहेत सेंट आल्बन्सला.”

“तो खांब तुझ्या नातीने डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे ढकलला. आणि घरं काय आभाळातून पडली? लग्नाच्या दिवसापर्यंत पगाराचं पाकीट न फोडता आईच्या हातात दिलंय मी. आतमध्ये किती आहेत हे बघायचीसुद्धा पद्धत नव्हती आमच्यात.”

“तेच तर ती म्हणतेय,” आल्दोना शांतपणे म्हणाली. “तुम्ही विटा घेतल्यात, आम्ही पुस्तकं घेतली.”

घेतली म्हणे. जणू बाजारात दोन्ही ढीग शेजारी शेजारी मांडले होते आणि माल्टीज लोकांनी आपण होऊन पुस्तकांच्या ढिगाकडे पाठ फिरवली होती. जूझाची तळपायाची आग मस्तकात गेली. गणितात वर्गात पहिली कोण यायची, हे ती आल्दोनाला विचारणार होती. पण तेवढ्यात रासा आली.

“नान्ना, कसं झालं? खरं सांग.” माल्टीज आजीला ती नान्ना म्हणायची.

“प्रबंध कधी द्यायचाय तुला?”

“शुक्रवारी. छापूनही ठेवतात, लायब्ररीत. वर नाव बघशील ना, रासा झेराफा.”

“म्हणजे बाहेर झेराफा, आणि आत लिहिलंय की झेराफांना शिक्षणाची ओढ नव्हती.”

“नान्ना, मी झेराफांबद्दल नाही म्हटलं. समाजाबद्दल म्हटलं.”

“समाज म्हणजे कोण गं? मी, माझा बाप, आणि आमच्यासारखे आणखी काही. त्याहून वेगळा समाज कुठे बघितलास तू?”

रासाने आजीच्या गालाची पापी घेतली, स्वतःच्या तोंडाला लागलेला चुरा पुसला आणि ती पुढच्या भागाला पळाली. पोरगी गोड होती. त्यामुळे तर आणखी राग येत होता.

पुढचा भाग प्रश्नोत्तरांचा होता. कुणी लिथुआनियन भाषेच्या शनिवारच्या शाळेबद्दल विचारलं, कुणी विचारलं की पुढच्या पिढीचं काय. जूझा पर्सची कडी उघडझाप करत होती. बोलावं तर बाप उघडा पडणार, तोही या लोकांसमोर. न बोलावं तर शुक्रवारी तो कागदावर कायमचा बसणार, ज्याला ओढ नव्हती असा माणूस म्हणून. आजवर तिने बापाची अब्रू गप्प बसून राखली होती. आता गप्प बसूनच ती जाणार होती.

मागून एक म्हातारा हसत ओरडला, “आल्दोना, तो फ्लॉवरचा किस्सा तुझ्या तोंडून होऊ दे पुन्हा!”

आल्दोना उठायच्या आत जूझा उठली.

“किस्सा मी सांगते,” ती म्हणाली. “ती पेटी माझ्या बापाची होती.”

हॉलमध्ये काहीजण हसले. त्यांना वाटलं, विहिणीची थट्टा चाललीय.

“हसा. तीस वर्षं हसताय, अजून एकदा हसा. माझा बाप चेन्सू. कीलरला नदीकाठी भाजीचा मळा होता, त्यात दुसऱ्याच्या जमिनीवर राबायचा. आमच्या गावात त्याच्या लहानपणी शाळेत जायचं ते डॉक्टरचं नाहीतर वकिलाचं पोर. त्याला सही येत नव्हती. पण मी रात्री गृहपाठ करायला बसले की तो रेडिओ बंद करायचा आणि माझ्यासमोर बसून राहायचा. काही कळत नसताना. तुझ्या कागदात हे कोणत्या खांबात बसतं रासा, मला माहीत नाही.”

रासाच्या हातातलं बटण तसंच राहिलं.

“हेडमास्तरचा निरोप आमच्याकडेही आला. तोच. शब्दसुद्धा तेच असतील. आल्दोना, तुझ्याकडे आणि माझ्याकडे एकाच आठवड्यात. आमची नावं त्याला धड उच्चारता यायची नाहीत, त्याला वर्गात पहिली कोण आणि पाचवी कोण याच्याशी काय देणंघेणं? परक्यांच्या पोरी, कारखान्यात घाला, संपलं. फरक एवढाच झाला, की निरोप वाचल्यावर तुझ्या बाबांना कळलं, हा आपला अपमान आहे. ते वकील होते. साहेब लोक खोटं कसं बोलतात, हे त्यांना पाठ होतं. माझ्या बापाला निरोप मी वाचून दाखवला. त्याला वाटलं, एवढा मोठा माणूस, शाळेचा मुख्य, त्याने माझ्या मुलीसाठी स्वतःहून नोकरी शोधली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.”

जूझा सगळ्या हॉलकडे वळली.

“दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मळ्यातला सगळ्यात चांगला फ्लॉवर काढला. पांढरा शुभ्र, पानांसकट. मालकाकडून विकत घेतला, चोरला नाही. पेटीची एक कडी त्याने धरली, दुसरी मी. शाळेत गेलो. तो लाच द्यायला नव्हता आला. लाच द्यायची अक्कल असती तर मी शिकले असते. तो आभार मानायला आला होता. मुलीला शाळेतून हाकललं म्हणून आभार.”

तिचा आवाज चढला होता आणि तिने तो खाली येऊ दिला नाही.

“आणि त्या माणसाने ती पेटी घेतली. ‘थँक यू, चेन्सू, तुम्ही लोक भाजीत फार हुशार,’ असं म्हणाला आणि टेबलावर ठेवून घेतली. अर्ध्या तासाने तुझे बाबा आले, तेव्हा ती तिथेच होती.”

आल्दोना बसल्या जागेवरून म्हणाली, “जूझा, इतक्या वेळा मी हे सांगत आले. एकदा तरी मला गप्प करायचंस.”

“तुझे बाबा त्यात किती रुबाबदार दिसायचे गं. खरंच होते ते. रेल्वेच्या डब्यांतला कचरा झाडत मेले, तेही सरकारने केलेलं पापच. त्यांचा मला राग नाही. फक्त त्या गोष्टीत माझ्या बापाला कुठे उभं करावं, हे मला कधी सुचलं नाही. लाच देणारा म्हणावं तर खोटं, आणि मूर्ख म्हणावं तर जीभ रेटत नाही.”

रासा पुढे आली. “नान्ना, मी ते वाक्य काढून टाकते. ओढ नव्हती, ते. आजच काढते.”

“काढून काय करशील? तिथे भोक राहील. भोकाला काय कळतं?” जूझा म्हणाली. “तुला तुलना करायची ना? कर. दोन खांब काढलेस, आता तिसरा काढ. जो टेबलाच्या पलीकडे बसला होता त्याचा. आम्ही दोघी त्याच्या एकाच टेबलासमोरून गेलो. एकीच्या बापाला भांडता येत होतं आणि एकीच्या बापाला नाही, एवढ्यावर तुझे हे लाल-पिवळे खांब उभे आहेत. आणि तू सगळ्यांची झडती घेतलीस, फक्त त्याची सोडून.”

पडद्यावर अजून शेवटचं चित्र होतं. रासाने वळून त्याच्याकडे बघितलं, मग प्रोजेक्टरचा दिवा बंद केला.

मघाचा म्हातारा मागून चाचरत म्हणाला, “बाई, तुमच्या वडिलांना पुढे कळलं का?”

जूझा खाली बसली.

“नाही. मी सांगितलं नाही. तो मरेपर्यंत त्या माणसाला देवमाणूस म्हणायचा. आणि दर हिवाळ्याला, तो हेडमास्तर रिटायर होईपर्यंत, पहिल्या तोडीच्या फ्लॉवरची पेटी त्याला नेऊन द्यायचा. तो घ्यायचा. पण पेटी मळ्याच्या मालकाची असायची, ती परत करावी लागायची, आणि परत पाठवायची त्या माणसाला कधी आठवण राहिली नाही.”

तिने पर्सची कडी लावली.

“मग कारखान्यातून लवकर सुटले की मी शाळेत जायचे. रिकामी पेटी आणायला.”