डाव्या बाजूचं दार

"आबा, हात नका लावा," गिरधर म्हणाला. "काळी पाटी शे. मोठा मानूसनी गाडी शे ती."

मोतीलाल आबांचा हात त्यांच्या स्वतःच्याच गाडीच्या दारावर होता. म्हणजे मिनिटभरापूर्वी जिथे दार होतं, तिथे. समोरच्या घरी मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांनी जाताना आपली लांबलचक गाडी मागे घेतली, आणि आबांच्या पांढऱ्या मारुतीचं डावं दार पार आत गेलं. कणकेत अंगठा दाबावा, तसं.

धुळ्यातल्या त्या गल्लीत भर दुपारीही माणसं जमायला वेळ लागत नाही. पाहुण्यांच्या गाडीची नंबरपाटी काळी होती आणि तिच्यावर पिवळी अक्षरं होती. असली पाटी गल्लीत कोणी पाहिली नव्हती. एक म्हणाला, जज्जाची असेल. दुसरा मंत्रालयावर गेला. गिरधर तर थेट दिल्लीला पोचला, कारण हे स्थळ त्यानेच आणलं होतं. मुलगी समीक्षा ही त्याची भाची. तिला वडील नव्हते, त्यामुळे तिच्या लग्नाचं सगळं हा मामाच पाहायचा आणि पाहतोय हे सर्वांना सांगायचाही.

आबांना मात्र ती पाटी काय आहे ते पक्कं ठाऊक होतं. बत्तीस वर्षं त्यांनी आरटीओत खिडकी नंबर चारवर काढली होती. पांढरी पाटी घरगुती गाडीची, पिवळी टॅक्सीची, हिरवी बॅटरीवरच्या गाडीची, निळी वकिलातीची. आणि काळ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली गाडी. हे ज्ञान त्यांना झोपेतही पाठ होतं; पण घरात किंवा गल्लीत त्यांना ते आजवर एकाही माणसाने विचारलं नव्हतं. आज तरी कोणी विचारेल म्हणून त्यांनी घसा खाकरला.

तेवढ्यात गाडी चालवणारा खाली उतरला. हाच नवरदेव, जळगावचा राजदीप. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. नमस्काराच्या निमित्ताने तो आबांच्या पायांशी वाकला आणि हळूच म्हणाला, "काका, गाडी माझी नाहीये. भाड्यानं आणलीय. इथं बोलू नका, दार मी भरून देतो."

आबांनी समोर पाहिलं. समीक्षा दारात उभी होती. ही मुलगी लॅबमध्ये काम करते आणि दर महिन्याला घरी येऊन त्यांच्या बायकोची, द्रौपदाबाईंची, साखर तपासून जाते. चहाखेरीज काही घेत नाही. आबांनी खाकरलेला घसा तसाच गिळला.

खरी पंचाईत पुढेच होती. द्रौपदाबाईंच्या गुडघ्यांसाठी दर मंगळवारी दवाखान्यात जावं लागे. त्या बावीस वर्षं गाडीत पुढे, आबांच्या डाव्या हाताला बसत आल्या होत्या. आता ते दार उघडेना, म्हणून त्यांना मागे बसावं लागलं. चौकात लोक पाहू लागले तशी त्यांची कळी आणखीच कोमेजली.

"लोके म्हनतीन, द्रौपदाबाईनी म्हातारा डायवर ठेवा," त्या मागून म्हणाल्या.

दाराची दुरुस्ती का अडलीय, हे त्या रोज विचारत. आबांना खरं कारण सांगता येईना, कारण द्रौपदाबाईंना सांगणं आणि गल्लीत दवंडी पिटणं यांत फरक एवढाच, की दवंडीला थोडा उशीर लागतो.

मग आबांनी रीतसर मार्ग धरला. जळगावच्या गाडी भाड्याने देणाऱ्याला फोन केला. तो फार गोड बोलला. आमच्या गाडीच्या बंपरसाठी त्या मुलाची अनामत कापलीय, म्हणाला. तुमचं दार विमावाल्यांच्या हद्दीत येतं. विमावाल्यांनी सांगितलं, आधी पोलिसांचा कागद आणा. ठाण्यात सांगितलं, पंचनामा करू, त्यासाठी गल्लीत येऊन सगळ्यांचे जबाब घेऊ. गाडी कोणाची, कोण चालवत होतं, सगळं लिहावं लागेल. आणि तरीही नाही जमलं तर न्यायाधिकरण आहेच. झेरॉक्स दोन प्रतींत.

आबांना राग आला नाही. बत्तीस वर्षं खिडकीच्या आतून त्यांनीही लोकांना हेच गोड आवाजात सांगितलं होतं. बाहेरच्या बाजूला ऊन किती लागतं, तेवढं मात्र तेव्हा कळलं नव्हतं. त्यांनी अर्ज सुबक अक्षरात भरला. 'भाड्याचे वाहन' हे शब्द लिहिले आणि सही करायच्या जागी थांबले. पोलीस गल्लीत येणार म्हणजे समीक्षाचं स्थळ गेलं. अर्ज घडी करून त्यांनी खिशात ठेवला आणि एसटीने जळगाव गाठलं.

राजदीप पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचा. दुकान चिंचोळं होतं, पण बाहेर सात मोटारी रांगेत पडलेल्या, म्हणजे हाताला गुण होता. आबांना पाहताच तो तांब्याची तार टाकून उठला. त्याने काहीच लपवलं नाही. आधीची दोन स्थळं एसटीने गेल्यामुळे मोडली होती, आणि या वेळी तर खुद्द गिरधरमामानेच निरोप पाठवला होता, चारचाकीत या, गल्लीत आमचं नाव राहिलं पाहिजे. दाराचं त्याने भंगारवाल्याला सांगून ठेवलं होतं.

आबांनी त्याच्या दुकानातला चहा घेतला. मग म्हणाले, "दार आण. आणि मला जे सांगितलंस ते तिलाही सांग. मी आपणहून बोलणार नाही. पण मला कोणी विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

"फोनवर सांगू का?" राजदीपने विचारलं.

"तू माणूस आहेस की नोटीस?" आबा म्हणाले. "समोर जाऊन सांग."

परतीच्या गाडीत आबांना फार रुखरुख लागली. मुलगा चांगला होता, आणि तोच आता त्यांच्या सांगण्यावरून स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार होता.

रविवारी अकराच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी एक लाल दार दिसलं. दाराखाली माणूस होता. राजदीपने ते जळगावहून एसटीने आणलं होतं; कंडक्टरने त्याचं सामानाचं तिकीट फाडलं होतं, आणि धुळ्याच्या स्टँडवर एकही रिक्षावाला ते आत घ्यायला तयार होईना, म्हणून हा ते डोक्यावर घेऊन चालत आला होता. शर्ट घामाने ओला झाला होता.

गिरधर बहिणीच्या ओट्यावर पेपर वाचत बसला होता. "पाव्हना," तो राजदीपच्या मागे गाडी शोधत म्हणाला, "गाडी कथी शे?"

राजदीपने दार खाली उतरवलं. समीक्षा आतून बाहेर आली होती. तो मामाकडे पाहून नाही, तिच्याकडे पाहून बोलला.

"गाडी भाड्याची होती. मी पंप दुरुस्त करतो, माझ्याकडे गाडी नाही. हे एवढं दार माझं आहे." मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे, तेही आबांचंच."

गिरधरचा चेहरा उतरला, आणि उतरलेला चेहरा घेऊन तो समोर आपल्या गाडीपाशी आलेल्या आबांकडे वळला. "आबा, तुम्ही आरटीओमा व्हतात. काळी पाटी कसानी ऱ्हास, तुमले माहीत व्हतं. मंग सांगं का नही?"

"माले कोनी इचारंच नही," आबा म्हणाले.

हे ते गिरधरला म्हणाले खरं, पण बोलताना त्यांची नजर स्वतःच्या घराकडे गेली. तिथे ओट्यावर बसलेल्या द्रौपदाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

समीक्षा पायऱ्या उतरून खाली आली आणि तिने दाराचं एक टोक उचललं.

"समी, बठ्ठी गल्ली देखी राहिनी," गिरधर पुटपुटला.

"देखू द्या मामा," ती म्हणाली. "जड शे हाई. एकट्याले नही झेपाव."

तिने दार खालून धरलं आणि राजदीपने ते तासाभरात बसवलं. गिरधर दोन आठवडे कोणाशी बोलला नाही. मग साखरपुड्याची तारीख सांगायला घरोघर फिरला, आणि पोरगा मेहनती आहे हे आपण पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, हेही सांगत सुटला.

दार बसवलं त्यानंतरच्या मंगळवारी द्रौपदाबाई लाल दार उघडून पुढे, आपल्या जागेवर बसल्या. आबांनी सवयीने गाडीच्या नोंदणीचं पुस्तक काढलं. रंग: पांढरा. पुस्तकातला रंग जुळत नाही म्हणून त्यांनी किती लोकांना खिडकीवरून परत पाठवलं होतं, त्याची मोजदाद नव्हती. त्यांनी पुस्तक मिटून खणात ठेवलं आणि गाडी सुरू केली.

चौकाच्या पुढे एक बॅटरीवरची रिक्षा शेजारून गेली.

"आहो," द्रौपदाबाई म्हणाल्या, "ती हिरवी पाटी कसानी ऱ्हास?"

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खरोखरच विचारत होत्या. दवाखाना आता अर्ध्या किलोमीटरवर आला होता. आबांनी गाडी अगदी हळू केली, आणि पांढऱ्या पाटीपासून सुरुवात केली.