कांताबाईंचं लिव्हर

कुंभार पिंपळगावच्या शाळेत शिकवणाऱ्या कांताबाईंना पाच वर्षांपासून संधिवात होता. सकाळी बोटं मिटायची नाहीत, मनगटं सुजायची. जुन्या जालन्यातल्या डॉक्टरांनी ॲस्पिरिन लावून दिलं होतं, दिवसातून चारदा तीन-तीन गोळ्या. सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर त्यांची भूक मेली, मळमळायला लागलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. लिव्हरला सूज आहे म्हणाले, आणि चष्म्यावरून बघत विचारलं, दारू घेता का?

कांताबाईंनी स्पष्ट नाही म्हटलं. घरात रोज पंचशील म्हणतो, नवऱ्यानंही कधी थेंबाला हात लावला नाही, हेही सांगितलं. डॉक्टरांनी बरं बरं म्हणत चिठ्ठीवर ‘दारू पूर्ण बंद’ असं लिहिलंच.

तीच चिठ्ठी घेऊन रामकिसन, त्यांचा नवरा, गावातल्या दुकानात टॉनिक आणायला गेला. दोन दिवसांत गावभर झालं. हेडमास्तर गिरिधर गुरुजींनी कांताबाईंना बोलावून दार लावलं आणि शिक्षकाच्या चारित्र्यावर अर्धा तास बोलले. कशाबद्दल बोलतोय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. रामकिसननं तर कहर केला. जेवताना मान खाली घालून म्हणाला, "सांधे दुखून राह्यले म्हणून कधी घेतली असंल, तर सांग. मी काही म्हणणार न्हाई."

कांताबाईंनी ताट बाजूला सारलं. उद्या औरंगाबादला जायचं, एवढंच बोलल्या.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात सरोजिनी नावाच्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांची बोटं दाबून पाहिली, मग रिपोर्ट, मग गोळ्या विचारल्या. बारा, असं ऐकताच त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, हा आजार नुसत्या सांध्यांचा नसतो, कधीकधी लिव्हरलाही त्रास देतो. त्यात या रोजच्या बारा गोळ्या. तुमची सूज त्यांचीच वाटते. दारूचा काही संबंध नाही."

"हे कागदावर लिहून द्या," कांताबाई म्हणाल्या. "मराठीत."

गोळ्या निम्म्या झाल्या. दीड महिन्यानं रक्त जवळजवळ ठीक आलं, भाकरी गोड लागायला लागली. पण सांध्यांनी उचल खाल्ली. अकरा वाजेपर्यंत हात लाकडासारखे राहायचे. एक धरावं तर दुसरं सुटत होतं, आणि वैतागायचं कुणावर तेही कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचा कागद त्यांनी हेडमास्तरांपुढे ठेवला. गुरुजींनी तो दोनदा वाचला. मला कधी शंका नव्हतीच, म्हणाले.

"मंग त्या दिवशी दार कशाला लावलं होतं, गुरुजी?"

कांताबाईंनी त्यांना माफी मागायला लावली नाही. सकाळी हात चालत नाहीत, पहिला तास माझ्याकडून काढून घ्या, एवढंच म्हणाल्या. गुरुजींनी त्याच दिवशी वेळापत्रक बदललं.

संध्याकाळी नळावर शेजारच्या मालनबाई अगदी मायेनं म्हणाल्या, "तब्येत भरली बाई. बरं झालं, ती सवय सुटली एकदाची."

कांताबाई कळशी कोपरात अडकवून घरी निघाल्या.