धुरपताचं मेण

"भाऊ, हे लंबं काय हाय? सागवान?"

जंगलाच्या नाक्यावर बस थांबली की धनराज गार्ड आत चढतो आणि सीटांखाली बघतो. आमच्या भागात लांब आणि बांधलेलं काही दिसलं की त्याला ते सागवान वाटतं. बरेचदा असतंही. मी शेवटच्या सीटवर होतो, बाजूला माझी मुलगी दीपिका. आमच्या दोघांच्या मांड्यांवर खताच्या पोत्यांच्या खोळीत शिवलेलं लांब गाठोडं आडवं होतं.

"सागवान नाई भाऊ. स्की हाय," दीपिका म्हणाली.

"का हाय?"

"बरफावर घसराच्या फळ्या."

धनराजने खिडकीबाहेर पाहिलं. उन्हात कापलेल्या धानाचे पुंजणे, गंजीसारखे रचलेले, उभे होते. "इथी कुठी आला बरफ, बाप्पा?"

"मलेबी तेच सांगतलं साहेब," कंडक्टर पुढून म्हणाला. "म्या म्हटलं फळ्याईचं हाफ तिकीट काढा, तं पोरगी भांडाले उठली."

बसमधले दोघं-चौघं हसले.

"खोला," धनराज म्हणाला.

दीपिकाने खोळीची दोरी सोडली. आत दोन स्की, तळाला तळ लावून, मध्ये पेपर घालून, निळ्या पट्ट्यांनी दोन ठिकाणी आवळलेल्या. तशाच बांधाव्या लागतात. नाहीतर एकीची लोखंडी कड दुसरीचा तळ कापते. धनराजने पट्टे सोडवले, एक स्की उचलून उलटी केली. तळावर पिवळं मेण जाड बसलेलं होतं.

"वरतून हे काऊन लिपलं? आतलं लाकूड दिसू नाई म्हणून?"

दीपिका काही बोलायच्या आत त्याने खिशातून मोटारसायकलची चावी काढली आणि टोकाजवळ ओढली. मेण फाटलं. खाली काळं दिसलं.

"प्लास्टिक हाय," तो म्हणाला.

"सांगतलंच होतं ना."

"आन हे?"

"मोहोळाचं मेण. आईनं लावलं."

"हुशार हाय तुही माय," धनराज म्हणाला. दीपिकाने त्याच्या हातातली स्की काढून घेतली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. धनराज पट्टे आवळायला मदत करून उतरून गेला.

दीपिका आश्रमशाळेत होती तेव्हा तिला पहाड चढायच्या शिबिरासाठी निवडलं होतं. तिथून ती स्कीकडे गेली. आता दर हिवाळ्यात तिकडे हिमालयात औलीला जाते, नव्याने शिकायला आलेल्यांना बरफावर उभं राहायला शिकवते. तिच्या उस्तादाने नवी जोडी घेतली तेव्हा जुनी हिला दिली. हंगाम संपला की खोली सोडावी लागते, म्हणून चैतात स्की आमच्या घरी येतात.

पहिल्या वर्षी मी त्या गोठ्याच्या कोपऱ्यात उभ्या केल्या. धुरपता, माझी बायको, माझ्यावर ओरडली आणि तिने त्या चुलीच्या वर टांगल्या. आमच्याकडे जपायची वस्तू चुलीवरच टांगतात. बियाणं, मासे धरायचं बांबूचं सामान, सगळं. धुरामुळे कीड लागत नाही. दीपिका दोन दिवसांनी स्वयंपाकघरात आली आणि वर बघून कपाळावर हात मारला.

"आई, याले घुण नाई लागत वं. पण गरमीनं गोंद सुटते याचा."

"मंग तसं सांगाव ना आल्याबरोबर. मले का मालूम, म्या का बरफ पायला?" धुरपता म्हणाली. त्याच दिवशी तिने मधल्या खोलीत दोन खुंट्या ठोकून घेतल्या, खुंट्यांना जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि स्की तिथे आडव्या ठेवल्या. चुलीपासून लांब, ओल येत नाही अशा भिंतीला.

पावसाळ्याआधी तळाला मेण जाड लावून ठेवायचं असतं, म्हणजे तळ सुकत नाही. कडांवरही ओढायचं, म्हणजे गंज चढत नाही. ते हिवाळ्यापर्यंत तसंच ठेवायचं. यंदा दीपिकाजवळची मेणाची वडी संपली होती. धुरपता म्हणाली, मेणच पाहिजे ना? तिने मोहोळाचं मेण वितळवून फडक्यातून गाळलं. इस्त्री आमच्या घरी नाही. पितळी तांब्यात निखारे घालून आम्ही कपड्यांवरून फिरवतो, तसाच तांब्या तिने मेणावरून फिरवला. दर वेळी आधी स्वतःच्या तळहाताला लावून बघायची. हाताला सोसेल तेवढाच गरम. त्याहून जास्त झाला तर तळ जळतो, हे दीपिकाने सांगितलं होतं.

शेवटी मेण घट्ट झालं का ते बघायला तिने एका स्कीच्या टोकाजवळ अंगठा दाबला. घट्ट झालं नव्हतं. ठसा राहिला.

"राहू दे," ती म्हणाली. "खालच्या बाजूले कोन पायते."

भादव्यात तिला ताप आला. पाऊस सुरू होता आणि नाल्याला पूर. दवाखान्याची गाडी पलीकडेच थांबली. खाटेवर टाकून नेलं. नाल्याच्या उतारावर घसरू नये म्हणून दीपिकाने भिंतीवरच्या स्कीचे पट्टे काढून आणले आणि आईला खाटेशी बांधलं. खाली दुहेरी गोधडी घातली. चौघांनी खाट उचलली, दीपिका पुढे काठीने पाणी बघत चालली. आम्ही धुरपताला कुठेही धक्का लागू दिला नाही. तिचे पायसुद्धा ओले झाले नाहीत. दवाखान्यात डॉक्टरने पट्टे सोडा म्हटलं. मी सोडले. त्याने तपासलं आणि आमच्याकडे बघितलं.

तेच पट्टे आता स्कीला होते. दुसरे नव्हते.

बल्लारशाला उतरलो तेव्हा दुपार होती. दिल्लीची गाडी लेट होती. दीपिकाने प्लॅटफॉर्मवर खोळ उघडली आणि चावीचा ओरखडा बघितला. त्यात रस्त्याची धूळ गेली होती. ठशाला तो लागला नव्हता, अगदी बाजूने गेला होता.

"हे काढाच लागते बाबा," ती म्हणाली. "मेण असं जाड राहिलं तं स्की चालत नाई."

"तिथी गेल्यावर काढ."

"तिथी एक कारागीर हाय. सगळ्याईच्या स्की जमा करते. इस्त्री फिरवते, मेण पातळ झालं का चिंधीनं पुसते."

"आन चिंधी?"

"फेकते."

समोरून कोळशाची मालगाडी जायला लागली. लांब होती. शेवटचा डबा गेला.

"काढाची पट्टी हाय काय तुह्याजवळ?" मी विचारलं.

तिच्याजवळ जाड प्लास्टिकची पट्टी होती. लोखंडाने काढलं तर तळ खरचटतो. दोन बॅगांवर तिने स्की उलटी ठेवली, टोकाशी पट्टी टेकवली आणि तशीच बसून राहिली.

"माह्यानं नाई होत," ती म्हणाली.

मी पट्टी घेतली. टोकाकडून शेपटीकडे ओढायची, एकाच दिशेने, उलटी नाही. पहिल्यांदा कमी निघालं. मग हात बसला. मेणाची लांब सालपटं निघून खाली मी पसरलेल्या पेपरवर पडू लागली. खाली काळा तळ चकचकीत होता. तांब्या कुठेही जास्त गरम लागलेला नव्हता. दीपिकाने बोट फिरवून बघितलं.

"एक डाग नाई," ती म्हणाली.

बाकावरचा एक म्हातारा बराच वेळ बघत होता. "रंधा मारून राह्यले काय भाऊ? टेसनवर?"

"हो."

"खाट बनवता काय?"

"नाई. पोरीचं काम हाय."

"एवढीशी खाट कोनाले पुरन म्हटलं," म्हातारा म्हणाला. दीपिकाला हसू आलं. मग तिने ओढणीने नाक पुसलं.

एक स्की झाली. दुसरीही झाली, फक्त टोकाजवळचं तेवढं मी ठेवलं होतं.

"एवढं राहू देलं तं?"

ती टोकाशी वाकली. ठशाकडे बघत राहिली. "टोकच पयले बरफाले लागते बाबा," ती म्हणाली. "तिथं अडलं तं म्या तोंडावर पडन."

मी पट्टी लावली आणि ओढली. एकदाच ओढावी लागली. खाली पडल्यावर ते बाकीच्या मेणासारखंच दिसत होतं. कोणतं ते कळेना. मी शोधलं नाही.

दीपिकाने तळ पुसला, स्की परत तळाला तळ लावून बांधल्या, मध्ये नवा पेपर घातला. मी खालचा पेपर उचलून सगळं मेण माझ्या दुपट्ट्यात ओतलं आणि गाठ मारली. ते कशाला, असं तिने विचारलं नाही.

गाडी आली. स्की खालच्या बर्थखाली भिंतीकडून सरकवल्या. समोरच्या माणसाला तिने सांगितलं, "काका, याच्यावर बॅग नका ठेवजा." मग दारात आली.

"जेवत जाजा बाबा."

"हो."

"भात तरी लावत जा. नुसता चिवडा नका खाऊ."

"हो. तू पडू नको."

गाडी गेली. मी स्टँडवर येऊन परतीची बस धरली.

नाक्यावर बस थांबली. धनराज चढला. "अरे, फळ्यावाले भाऊ. गेली पोरगी?"

"गेली."

"दुपट्ट्यात का हाय?"

"मेण."

"मोहोळ काढलं काय जंगलातलं?"

"नाई. सकाळचंच हाय. फळ्यावरचं."

त्याने खोला म्हटलं नव्हतं, तरी मी गाठ सोडली. त्याने टॉर्चच्या उजेडात बघितलं. पिवळं मेण, त्यात थोडी धूळ.

"हे आता का कामाचं भाऊ? माती मिसळली. दिवाबी नाई पेटाचा याच्यानं."

"बायकोचं हाय," मी म्हणालो.

"म्या म्हटलंच होतं सकाळी, हुशार हाय म्हणून."

"होती," मी म्हणालो.

धनराजने टॉर्च खाली केली. मग त्याने टॉर्च काखेत धरली, दुपट्ट्याची टोकं माझ्या हातातून घेतली आणि स्वतः गाठ मारली. एक मारून ओढून बघितली, वर दुसरी मारली. गाठोडं माझ्या मांडीवर नीट ठेवलं. पुढच्या सीटा न बघताच तो खाली उतरला आणि बसच्या पत्र्यावर हळू हात मारला.